उद्याच्या ट्रेमधली बातमी

झोया, आदिल, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. लंडननाना गेले तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत, "नानी, ते न्यूजपेपरमध्ये होते ना? मग त्यांची बातमी का नाही आली?" मी तेव्हा काहीतरी बोलून विषय बदलला. आता त्यांचा चाळिसावा दिवसही होऊन गेला, पाहुणे परतले, घर आवरून झालं, आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला आहे. इथल्या पेपरच्या रविवार पुरवणीने जागा दिली म्हणून मराठीत लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे. ती सहन करा.

बातमी आणली नरसय्यांनी. माझ्या भावाचे, म्हणजे तुमच्या लंडननानांचे, इक्बालभाईचे, हे शेजारी. सगळी उमर मागावर गेली, घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. सकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, लंडनवाल्यानी आज पेपर उचलला न्हाय." एवढंच बोलले. मी चप्पल घातली आणि निघाले. पेपर पायरीवर पडू देणारा माणूस नव्हता तो. आत खुर्चीत बसलेला होता, चष्मा डोळ्यांवर, पेन्सिल कानामागे. हाक मारायची गरज नव्हती, तरी मी मारली...

आमचे अब्बा मिलमध्ये कारकून होते. त्यांच्या मनात एक हिशेब पक्का होता: मुलाने अरबी शिकायची, मुलीने इंग्रजी. शेजारपाजारच्यांना ते उलटं वाटायचं. संध्याकाळी आम्ही अंगणात बसून अदलाबदल करायचो. मी त्याला इंग्रजी शब्द द्यायची, तो मला अरबी अक्षरं. माझी अरबी अक्षरांपाशीच थांबली. त्याचं इंग्रजी मात्र माझ्याही पुढे गेलं. त्या दोन भाषांच्या जोरावर तो आधी आखातात एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळायला गेला, आणि तिथून लंडनला, एका अरबी वर्तमानपत्रात. तो पेपर लंडनमध्ये तयार व्हायचा आणि मोरोक्कोपासून इराकपर्यंत विकला जायचा. सगळ्या अरबांचा पेपर, असं तो स्वतःला म्हणवायचा. मालक मात्र एकाच देशाच्या राजघराण्यातले होते. भाईचं काम भाषांतराचं. जगभरच्या वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या त्याच्या टेबलावर यायच्या आणि अरबी होऊन पुढे जायच्या.

तुमची आई शिकायला लंडनला गेली तेव्हा मी तिला सोडायला गेले होते. भाईने मोठ्या हौसेने ऑफिस दाखवलं. मला ते एखाद्या चांगल्या शाळेसारखं वाटलं. स्वच्छ, शांत, प्रत्येकाला आपलं काम ठाऊक. त्याच्या टेबलाशेजारी तीन ट्रे होते. एकात आलेल्या बातम्या, एकात झालेल्या. तिसरा काठोकाठ भरलेला होता. मी विचारलं, "ह्यात काय?"

"कल की खबरां," तो म्हणाला.

"म्हणजे उद्या छापणार?"

"हौ. पन यां का कल कभी आताइच नै." आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही, पण का आवडलं नाही हे तेव्हा कळलं नाही.

नंतर त्याने समजावून सांगितलं. त्या पेपरला कुणीही 'हे छापू नका' म्हणत नसे. दुपारी मालकांकडून एक फोन यायचा. फोन करणारा अत्यंत सभ्य. भाषांतर विभागाचे प्रमुख लेबनॉनचे होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांना तो विचारायचा, तब्येत कशी आहे, मुलं काय म्हणतात, उद्या पहिल्या पानावर काय आहे. फोन ठेवला की उस्ताद उठायचे, एखाददुसरा कागद उचलून तिसऱ्या ट्रेत ठेवायचे आणि म्हणायचे, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. मालकांच्या देशाची बातमी फक्त त्या देशाच्या सरकारी वृत्तसंस्थेकडूनच घ्यायची, हाही नियम कुठे लिहिलेला नव्हता. बाकीची हकिगतही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. दुसऱ्या देशांतल्या निवडणुका, तुरुंग, घोटाळे यांवर तो पेपर इतकं धीट लिहायचा की ठिकठिकाणचे तरुण पत्रकार तिथे नोकरी मिळावी म्हणून धडपडायचे. भाईला त्या पेपरचा अभिमान होता. शेवटपर्यंत होता. मला ते फार अवघड वाटायचं.

त्या पेपरात आठवड्याला एक कॉलम लिहिणारे गृहस्थ होते, मालकांच्याच देशाचे, पण लंडनमध्ये राहणारे. कॉलम साधाच. शाळा, रस्त्यावरचे दिवे, कोर्टात पडणाऱ्या तारखा. शुक्रवारी मजकूर द्यायला यायचे ते भाईच्या टेबलाशी बसायचे, खिशातून खजूर काढायचे, सोलापूरबद्दल विचारायचे. भाईने त्यांना मोरांच्या नक्षीची सोलापुरी चादर दिली होती. त्यावर ते म्हणाले होते, ही पांघरून झोपलो की माझी बायको मला मोर म्हणते. पुढे त्यांची आई आजारी पडली. ते मायदेशी गेले आणि विमानतळावरच त्यांना पकडलं. कॉलममध्ये कोर्टाबद्दल काही वाक्यं होती, असं नंतर कळलं.

ती बातमी इंग्रजीत भाईच्याच टेबलावर आली. त्याने भाषांतर केलं. उस्तादांनी वाचलं, एक वाक्य नीट केलं, आणि कागद तिसऱ्या ट्रेत ठेवला. "बुकरा, इक्बाल." दुसऱ्या दिवशी भाईने तीच बातमी पुन्हा लिहिली, 'काल' होतं तिथे 'परवा' करून. उस्तादांनी पुन्हा वाचली, पुन्हा ठेवली. मग हे रोजचंच झालं. एकदा भाई चिडला, तेव्हा उस्ताद म्हणाले, "तू लिहीत जा, मी ठेवत जातो. निदान कुणी फाडत तरी नाही." कॉलमच्या जागी खजुरांच्या जातींवर लेखमाला सुरू झाली. कॉलम कुठे गेला म्हणून वाचकांची पत्रं आली, तीही ट्रेत गेली.

आणि त्या गृहस्थांच्या पत्नी फोन करायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की सगळ्या अरबांच्या पेपरात नाव आलं तर तुरुंगवाल्यांना कळेल की या माणसाची कुणीतरी वाट पाहतंय. त्या विचारायच्या, "आज आलं का?" भाई म्हणायचा, "बुकरा." झोया, तुला उत्तर पाठ असूनही वर्गात बाईंनी उभं केलं नाही की तू घरी येऊन रडायचीस, आठवतं? भाईचं तसं झालं होतं. उत्तर लिहून तयार होतं. उभं करणारं कुणी नव्हतं.

मग ते गृहस्थ तुरुंगातच वारले. सरकारी वृत्तसंस्थेने चार ओळी दिल्या, अल्प आजाराने निधन. पेपरने त्या जशाच्या तशा छापल्या. नाव नव्हतं, 'एक लेखक' एवढंच होतं. मजकूर मुळात अरबीतच आलेला, त्यामुळे भाषांतराची गरजच नव्हती. भाई त्या दिवशी रिकामा बसून होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला तर तिसरा ट्रे कुणीतरी रिकामा करून पुसून ठेवलेला...

त्याने नोकरी सोडली नाही. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. मी एकदा थेट विचारलं, का राहिलास? त्याने पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाला, "ट्रे में डालनेकू भी कोई होना की, आपा."

सोलापूरला परत आल्यावर त्याला एक सवय लागली. वर्तमानपत्राचं पान आखताना बातम्यांच्या जागी आधी चौकोन काढतात. भाई छापून आलेल्या पानावर चौकोन काढायचा. सकाळी पायरीवर बसून पेपर पूर्ण वाचायचा, आणि त्या दिवशी जी बातमी यायला हवी होती पण आली नाही, तिच्या आकाराचा चौकोन पेन्सिलीने एखाद्या जाहिरातीवर आखायचा. नरसय्या कट्ट्यावरून ओरडायचे, "काय लंडनवाले, आज काय गाळलं?"

"पाणी."

"चार दिसानं येतंय की पाणी!"

"तेच कुठं छापलंय?"

"ते समद्यास्नी म्हाईत हाय. छापायचं कशाला? तुमी लई कागद खराब करताव बघा."

भाई हसायचा आणि चौकोन थोडा मोठा करायचा. पण त्या कॉलमवाल्यांचं नाव त्याने कधी घेतलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "नक्को पूछ. छपके आया तो बोलतूं."

तो गेल्यावर त्याच्या फोनमध्ये त्या कॉलमवाल्यांच्या पत्नीचा नंबर सापडला. मी लंडनला फोन लावला आणि इंग्रजीत सांगितलं, इक्बाल गेले. मग त्या म्हणाल्या, "त्या ऑफिसात मी फोन केला की सगळे मीटिंगमध्ये असायचे. इक्बाल एकटे उचलायचे. काय उत्तर देणार ते मला ठाऊक होतं. तरी मी फोन करायची." मी विचारलं, तुमच्या यजमानांचं नाव लिहिलं तर चालेल का, इथल्या एका मराठी पेपरात? त्या म्हणाल्या, "कुठल्याही भाषेत लिहा."

मी लिहिलं. देशाचं नावही लिहिलं. परवा पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. भला माणूस, माझ्याच एका विद्यार्थिनीचा मुलगा. आधी तब्येत विचारली, मग तुमच्याबद्दल विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, देशाचं नाव नको. आपली कितीतरी पोरं तिकडं कामाला आहेत." मी वाद घालणारच होते. पण संध्याकाळी नरसय्या आले, नेहमीसारखे कट्ट्यावर न बसता दारातच उभे राहिले. "अक्का, नातू हाय तितं. नका लिवू," म्हणाले. मी संपादकाला फोन करून बरं म्हटलं.

तेव्हा मुलांनो, वर जिथे 'मालकांचा देश' असं आलं आहे, तिथे तुम्ही एक चौकोन काढा. भाईची पेन्सिल माझ्याजवळ आहे, अजून निम्मी शिल्लक आहे. त्या कॉलम लिहिणाऱ्या गृहस्थांचं नाव इद्रिस होतं. एवढं छापून आलं आहे.