एक मशीन, दोन पेशंट

"काय गं, एकच मेंढरू दोनदा मोजलं व्हय?"

गारखेड्यातल्या आमच्या ऑफिसात टीम लीडर सर मला सगळ्यांसमोर असं म्हणाले. सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझा बाप मेंढपाळ. करमाडजवळ सरांच्या घरच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा. सर ते विसरले नाहीत, मलाही विसरू दिलं नाही.

मी टेस्टर, प्रोग्राममधल्या चुका शोधणारी. काम एका दवाखान्याच्या वेबसाइटचं. तिथं डायलिसिसची वेळ बुक व्हायची. बुकिंग घेणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, सरांनी लॉक लिहिलं होतं. एकानं वेळ धरली की ती दुसऱ्याला मिळू नये म्हणून. सर आपल्या लॅपटॉपवर एकदा क्लिक करायचे, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा नकार यायचा. झालं, पास! पण दवाखान्याचे सर्व्हर दोन. मी दोन्हींकडे एकाच क्षणी मागणी पाठवली. सकाळी आठची वेळ, एकच मशीन, दोन पेशंटांना मिळालं. प्रत्येक सर्व्हर फक्त स्वतःचं लॉक बघत होता. दुसऱ्याचं त्याला दिसतच नव्हतं.

एवढंच मी दाखवलं होतं. त्यावर ते मेंढरू.

"उद्या चालू करायचंय. पास लिही," सर म्हणाले. "लई शहाणपण नको. तुझे कागद माझ्या कपाटात हायेत."

खरं होतं. दोन वर्षं नोकरी न सोडण्याच्या बाँडपायी माझ्या मूळ मार्कशीट कंपनीत अडकलेल्या. सोडून जायची सोय नाही. घरी सांगावं तर बाप म्हणणार, मोठी माणसं हायेत, गप बस. मी 'पास' टाइप केलंसुद्धा.

रिपोर्टखाली माझं नाव होतं. चूक सरांची, सही माझी. खेड्यावरून पहाटे निघून आलेल्या कुणाला तरी दवाखान्याच्या दारातून परत धाडणार, ते माझ्या सहीनं. डोकंच फिरलं.

'पास' खोडलं. 'नापास' लिहिलं, कारणासकट. रिपोर्ट दवाखान्यालाही पाठवला.

सर खुर्चीजवळ आले. "काय केलं हे?"

"दिसलं ते लिहिलं."

मी नजर खाली घातली नाही.

आता ऑफिसात माझ्याशी कुणी बोलत नाही. मार्कशीट सुटलेल्या नाहीत. वेबसाइटही अजून चालू झालेली नाही. सर कोड बदलतात, मी दोन्ही सर्व्हरवर एकदम मागणी सोडते. कालही चाचणीत दोन पेशंटांना एकच मशीन मिळालं. मी कालही नापास लिहिलं. ते एकालाच मिळेपर्यंत माझ्या हातून दुसरा शब्द लिहिला जाणार नाही.