ज्वालावीरचा पूल

चहा मिळाला का सगळ्यांना? बरं. मग सांगतो. पण हसायचं तर शेवटी हसा. मध्येच फिदीफिदी केलंत तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. कारण हा किस्सा आठवला की आजही माझं डोकं सणकतं. कुणावर? स्वतःवरच की! दुसऱ्या कुणावर सणकलं असतं तर भांडून मोकळा तरी झालो असतो.

माणसानं मूर्खपणा करावा. कोण करत नाही? पण तो घरात, दार लावून करावा. मांडव घालून, लायटिंग करून, माईक लावून, अख्ख्या पेठेला बोलावून करू नये. मी नेमका तसा केलाय.

तुम्हाला आठवतं का, नव्वदच्या पुढं इंग्रजी पिच्चर हिंदीत डब होऊन यायला लागले होते? त्यातल्या दोन मालिकांनी आम्हाला येड लावलं. एक 'ज्वालावीर' आणि दुसरी 'दर्याराज'. मूळची इंग्रजी नावं काय होती, देव जाणे. ज्वालावीर तांबड्या पोशाखातला, तोंडावर मुखवटा, डोंगरातून निघणाऱ्या राक्षसांना मारायचा. दर्याराज हिरव्या पोशाखातला, त्याच्याही तोंडावर मुखवटा, समुद्रातून निघणाऱ्या राक्षसांना मारायचा. दोघांना हिंदी आवाज एकाच माणसाचा.

"मग दोघांत फरक काय वो?" असं आमची बायको विचारायची.

फरक काय! अहो, मी तिला अर्धा तास समजावून सांगायचो. शेवटी ती म्हणायची, "म्हंजे रंगाचाच फरक हाय की." आता अशा माणसाशी काय बोलणार?

मी ज्वालावीरवाला. माझा शाळेपासूनचा दोस्त सर्जेराव, म्हणजे आमचा सर्जा, दर्याराजवाला. सर्जा हुपरीचा. घरी पैंजणांचं काम, आणि हा रोज एसटीनं येऊन आमच्या तालमीशेजारचं दुकान सांभाळायचा. त्यानं शटर वर केलं रे केलं, की मी कामावर जाता जाता तिथं टेकायचो आणि सुरू.

"मर्दा, चार भाग झालं तरी तुझा ज्वालावीर त्याच राक्षसाला मारतोय. मरत न्हाय व्हय त्यो?"

"आणि तुझ्या दर्याराजला पोहता तरी येतंय काय? बघावं तवा बोटीत बसलेला!"

"येतंय की! दुसऱ्या भागात पोहलाय."

"किती पाण्यात? गुडघाभर?"

"तुझ्यावाला तर आगीत उभा ऱ्हातोय आन् त्याच्या मिशीचा केस जळत न्हाय. खरं वाटतंय तुला?"

"मुखवट्याआडची मिशी तुला कुठनं दिसली रं?"

गिऱ्हाईक पैंजण हातात धरून ताटकळत उभं, आणि आमचं हे चाललेलं. आणि यातली गंमत ऐका. मी दर्याराजचा एकही भाग पाहिलेला नव्हता आणि सर्ज्यानं ज्वालावीरचा एकही नाही. तत्त्वाचा प्रश्न! नुसती पोस्टरं बघून आणि इकडून तिकडून ऐकून आम्ही सात वर्षं एकमेकांच्या पिच्चरला शिव्या घातल्या. न बघता कशा घातल्या म्हणता? बघितल्यावर काय, कुणीही घालतो.

पण माझ्याकडं एक हुकमाचं पान होतं. पूल!

ज्वालावीरचा दुसरा भाग मी कोडोलीला मामांकडं पाहिला होता. मामा जत्रेत तंबू ठोकून, भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणून पिच्चर दाखवायचे. टीव्ही काळापांढरा. समोर शे-दीडशे माणूस. मध्ये एकदा चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या आल्या, मामा ओरडले, "इंटरवल, इंटरवल!" आम्ही भजी खाऊन आलो. इंटरवलनंतर गोष्ट जरा उडी मारून पुढं गेली होती, पण इंग्रजी पिच्चरला कोण जाब विचारतो? आणि मग आला तो सीन. पूल मधोमध तुटलाय, माणसांनी भरलेली बस खाली चाललीय, आणि आमचा गडी तुटक्या पुलाखाली शिरून ती बस पाठीवर तोलून धरतो. वरून राक्षस लाथा घालतोय, तरी हा बस सोडत नाही! सगळा तंबू उभा राहिला. मी तर रडलो. हो, रडलो, त्यात लाजायचं काय?

पुढं टॉकीजला तो भाग लागला तेव्हा मी काविळीनं अंथरुणात. परत काही बघायला मिळाला नाही. पण त्या एका पुलावर मी ज्वालावीरचा जन्माचा झालो.

हे मी सर्ज्याला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "त्यो पूल दर्याराजचा हाय."

"काय?"

"दुसऱ्या भागातला. मी टॉकीजला बघितलाय. चारदा."

"मग तुझ्या दर्याराजनं चोरला माझा पूल!"

"चोरला? आरं, तुझ्या पिच्चरमधी पूलच न्हाय, भावा!"

"तू बघितलाय का माझा पिच्चर?"

"न्हाय. तू माझा बघितलाय?"

"न्हाय!"

झालं. अशा खटल्याचा निकाल कोण लावणार?

निकाल लावायची वेळ आली ती गणपतीत. साल असेल दोन हजार एक की दोन. आमच्या तालमीच्या गणेश मंडळाचा सजीव देखावा दरवर्षी गाजायचा. पौराणिक झालं, ऐतिहासिक झालं, त्या वर्षी पोरं म्हणाली, काहीतरी नवीन करू. मी उठलो आणि पुलाचा सीन असा काही रंगवून सांगितला की सगळी बैठक पुढं सरकून बसली. ठरलं! पूल करायचा. पण सर्जा हात वर करून म्हणाला, "करा, पण मग पोशाख हिरवा शिवायचा. पूल दर्याराजचा हाय."

पुन्हा तेच. बैठक दोन तुकड्यांत. शेवटी आमचे बापू, तालमीचे अध्यक्ष, जुने पैलवान, त्यांनी मांडीवर थाप मारली. बापूंनी आयुष्यात पिच्चर पाहिलेला नाही आणि त्याचा त्यांना अभिमान.

"गप्प बसा! ती सीडी का काय असती, ती आणा आन् बघा."

आता गावभर फिरलो तर दोन्ही मालिकांचा पहिला भाग मिळतोय, तिसरा मिळतोय, चौथा मिळतोय. दुसरा कुठंच नाही. बापू वैतागले.

"मग आता आसं. ज्याचं खरं त्यो हिरो हुईल, ज्याचं खोटं त्यो राक्षस हुईल. दिल्या, तू डोळ्यानं बघितलाईस?"

आता इथं एक सांगायला हवं. मी कधी शपथ घेत नाही. लोक उठता बसता आईशप्पथ म्हणतात, मी नाही. त्यामुळं आमच्या तालमीत माझ्या आईशप्पथेला वजन होतं. दिल्यानं आईशप्पथ म्हटलं की विषय संपला, असा लौकिक. एवढी एकच गोष्ट मी कमावली होती बघा. घर नाही, गाडी नाही, पण शब्द होता.

"आईशप्पथ," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझ्या दोन डोळ्यांनी ज्वालावीरला त्या पुलाखाली बघितलंय."

विषय संपला. बापू म्हणाले, "तांबडं कापड आणा."

सर्ज्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हरला म्हणून बघतोय. पण तसं नव्हतं. दरवर्षी गणपतीत तो मुक्कामाला आमच्याकडं असायचा, बायको त्याच्यासाठी मोदक बाजूला काढून ठेवायची. त्या वर्षी त्यानं रोज काम झालं की हुपरीची एसटी गाठली. राक्षस व्हायचं त्याला काही नव्हतं. मी चारचौघांत त्याला खोटं पाडलं, ते त्याला लागलं होतं. मला ते कळत होतं, पण अंगात तांबडा पोशाख होता ना! माज चढतो माणसाला.

देखावा झकास जमला. बांबूचा पूल, प्लायवूडची बस, धूर, कॅसेटवर संवाद. मी पुलाखाली. आणि वर सर्जा, फोम आणि काळ्या रेक्झिनच्या राक्षसात, आत घामाची आंघोळ. शेवटी मी त्याला लाथ घालायची आणि त्यानं गडगडत खाली पडायचं. रोज संध्याकाळी सात-आठ खेळ. म्हणजे सात-आठ लाथा! पाचव्या दिवशी तर मी हौसेनं एखादी जास्तच घातली.

आणि सहाव्या दिवशी कोडोलीहून मामा आले.

भाचा हिरो झालाय हे ऐकून मुद्दाम आले होते, नवा फेटा बांधून. पहिल्या रांगेत बसले. आमच्या मंडळाची पद्धत अशी, की बाहेरगावचं मोठं माणूस देखाव्याला आलं की त्याला नारळ द्यायचा आणि माईक हातात द्यायचा. पावण्यांनी दोन शब्द बोलायचे, मंडळ चांगलं आहे म्हणायचं आणि बसायचं. खेळ संपला, आम्ही सगळे स्टेजवर रांगेत उभे, मामांना नारळ दिला, माईक दिला.

"मंडळानं लई नामी काम केलंय," मामा म्हणाले. माझी छाती फुगली. "फकस्त एक चुकलंय. आरं दिल्या, तू तांबडा डगला कशापायी घातलास? पूल त्या हिरव्या गड्याचा न्हवं?"

माईक चालू. चार कर्णे, दोन चौकांपर्यंत आवाज.

"मामा," मी पुढं झालो, "तुम्हीच दाखवला की मला! ज्वालावीर! कोडोलीला!"

"व्हय की! पर त्याची टेप निम्म्यातच गुतली न्हवं का मशिनीत! पार आतडी भाईर. दुसरी जवळ हुती ती लावून दिली, दर्याराजची. टीव्ही काळापांढरा. तांबडं काय, हिरवं काय, समदं राखाडीच. मुखवटा दोघांस्नी, आवाज बी एकच. म्हटलं, कुणाला कळतंय!"

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो आसतो तर तंबू पेटवला आसता लोकांनी!" आणि मामा पब्लिककडं वळून खुशीत म्हणाले, "शे-दीडशे माणूस हुतं बघा. एकाला बी कळलं न्हाय. आन् आमच्या भाच्याला तर आजून कळलं न्हवतं!"

टाळ्या! देखाव्याला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या.

मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मागचा बांबूचा पूल खरंच अंगावर कोसळला असता तर बरं, असं वाटलं. इंटरवलनंतर अचानक सगळीकडं पाणी का दिसायला लागलं, याचा मी सात वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मला वाटलं होतं, ज्वालावीरची बदली झाली असेल! ज्या गड्यासाठी मी रडलो, तो दर्याराज. ज्याच्यासाठी मी सात वर्षं भांडलो, तोही दर्याराज. म्हणजे सर्ज्याशी भांडत मी सात वर्षं त्याचीच बाजू घेत होतो!

शेजारी राक्षसाचं फोमचं डोकं गदागदा हलत होतं. आधी वाटलं, रडतोय. मग डोकं काढलं त्यानं. हसून हसून डोळ्यांतून पाणी.

"सर्जा, चुकलं माझं," मी म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो. "तुला उगंच खोटं पाडलं."

"ते ऱ्हाऊ दे," त्यानं राक्षसाचं डोकं माझ्या हातात दिलं. "हे घाल आधी. गर्दी वाढाय लागलीय."

बापूंचा निकाल होताच. उरलेले दिवस सर्जा पुलाखाली, मी राक्षसात. हिरवा पोशाख शिवायला वेळ नव्हता, म्हणून सर्जा तांबड्यातच दर्याराज म्हणून उभा राहिला. लोकांना काही फरक पडला नाही. आमच्या बायकोचं म्हणणं किती खरं होतं बघा! आणि लाथा? मी घातलेल्या सगळ्या लाथा त्यानं मोजून ठेवल्या होत्या. सगळ्या परत आल्या. पण रात्री मोदक खायला तो आमच्याच घरी होता.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कुठलं संपतंय!

मंडळांच्या देखाव्यांची स्पर्धा असते, तिचे परीक्षक नेमके आठव्या दिवशी आले. मी राक्षसात होतो. आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी जीव ओतला मी. सगळा संताप त्या राक्षसात घातला. ओरडलो काय, नाचलो काय, पडलो तर असा की पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. विसर्जनानंतर निकाल लागला. देखाव्याला काही नाही. पण उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस आमच्या मंडळाला, राक्षसाच्या भूमिकेला!

बक्षीस समारंभाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माईकवर नाव पुकारलं, "श्री. सर्जेराव!"

मंडळानं आधीच दिलेल्या यादीत राक्षसापुढं त्याचंच नाव होतं. सर्जा उठला, स्टेजवर गेला, हार घालून घेतला, प्रमाणपत्र घेतलं, वाकून नमस्कारसुद्धा केला. आजही ते फ्रेम करून त्याच्या दुकानात पैंजणांच्या वर टांगलंय. गिऱ्हाईकाला दाखवतो.

त्या दिवशी मी त्याला गाठलं. सगळी तालीम होती, बापू होते.

"सर्जा, आत मी होतो!"

"कशावरनं? मुखवटा हुता की."

"अरे, आईशप्पथ सांगतो, मी होतो आत!"

सर्ज्यानं बापूंकडं बघितलं. बापूंनी सर्ज्याकडं बघितलं. मग बापू माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "दिल्या, लेका, आसं मागं बी तू एकदा म्हणलातास."