आपल्यातली

माझा फोन पडला तेव्हापासून तो कानाला लावून ऐकू येत नाही. स्पीकरवर टाकावा लागतो. गडचिरोलीला नेऊन दुरुस्त करून आणते, असं मी वर्षभर म्हणत होते. तो वेळेवर दुरुस्त झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला बरेच दिवस वाटायचं. आता वाटत नाही. दोष फोनचा नव्हता.

मी नगरकडची. आई अंथरुणाला खिळली आणि सातवीत माझी शाळा सुटली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती सासरी गेली, आणि नंतर नवराही गेला. घरात मी आणि भिंती. तेव्हा आमच्या गावच्या पाळकांनी सांगितलं की जंगलात एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकीण हवी आहे, राहायला खोली आहे. मी लगेच हो म्हणाले. नकाशात ते कुठे आहे हेही पाहिलं नव्हतं. नागपूर, मग चंद्रपूर, मग एसटी, मग आणखी एक एसटी. शेवटच्या बसमध्ये मी कंडक्टरला चार वेळा विचारलं की माझं गाव मागे तर नाही ना राहिलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं गाव मांगंच राह्यलं. हे दवाखान्याचं गाव पुढं हाय."

बस हसली. मीही हसले.

इथे आल्यावर लोकांचा माझ्याबद्दल एक गैरसमज झाला. इकडे लोक 'मले', 'तुले' बोलतात आणि मी 'मला', 'तुला'. तेवढ्यावरून सगळ्यांनी ठरवलं की बाई शिकलेली आहे. उपासनेत प्रार्थना करायला मलाच उभं करायचे. "तुमी करा, तुमची भाषा पुस्तकातली." मी कधी खरं सांगितलं नाही. देवानं निवारा दिला, दोन वेळचं दिलं, एवढ्या उपकारांत आपलंच बिंग कशाला फोडायचं? आणि खरं सांगितलं तर काढून टाकतील, अशी धास्ती होतीच. स्वयंपाकिणीला सातवी पास लागते की नापास, हे कोणी विचारलंही नव्हतं, तरी होती.

त्या दिवसांत माझ्याजवळ बसणारं एकच माणूस होतं. वॉर्डातली आया. माडिया बाई, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, कपाळावर आणि पोटऱ्यांवर गोंदण. तिच्या अख्ख्या घरात ख्रिस्ती झालेली ती एकटीच. बाकी सगळे त्यांच्या गावच्या देवांना मानणारे. मी तिला ताई म्हणायचे, ती मला बाई. वॉर्डातली जेवणं उरकली की ती स्वयंपाकघरात यायची आणि आम्ही दोघी खाली बसून जेवायचो.

"भात असा खाते जसं औषध," ती म्हणायची. "तुमच्या इकडं भात होतच नाई का?"

"होतो, पण पोट भाकरीनं भरतं."

आठवड्यानं तिनं पदराखालून एक पिशवी काढली. ज्वारीचं पीठ. जिवतीकडचा एक पेशंट होता, त्याच्या घरच्यांकडून मागून घेतलेलं. मला इथे येऊन पाच महिने झाले होते आणि पाच महिन्यांत मी भाकरी पाहिली नव्हती. मी परातीत पीठ घेतलं आणि माझे डोळे वाहायला लागले.

"रडून राह्यली का? बरं हाय," ती म्हणाली. "आता पिठात मीठ टाकाचं काम नाई."

असं माणूस. आणि त्याच माणसाबद्दल मी काय बोलले ते आता लिहिते.

एका दुपारी जेवण झालं आणि ताट-वाट्या घेऊन ती मागच्या मोरीवर गेली. इतक्यात भावाचा फोन आला. स्पीकरवर. जेवलीस का, औषध घेतेस का, हे झालं. मग म्हणाला, "एकटीच जेवतेस का?"

"नाही. वॉर्डातली एक बाई असते सोबत."

"आपल्यातली आहे का?"

"नाही रे. इकडची, जंगलातली आहे," मी म्हणाले. "पण स्वच्छ असते."

मागे वळले तर ती दारात. दोन्ही हातांत धुतलेली ताटं. तिनं ती रॅकवर पालथी घातली, हात पुसले आणि गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. डबा वॉर्डातच मागवला.

'आपल्यातली' हा शब्द काय आहे ते मला कुणी शिकवायला नको. आमच्या गावात दोन वस्त्यांतले लोक पूर्वी कधीतरी ख्रिस्ती झाले. दोन वस्त्या म्हणजे दोन जाती. नावं लिहीत नाही. त्या भागातल्यांना कळेल आणि इतरांना ती ठाऊक नसली तरी चालेल. मोठ्या वस्तीतले लोक चर्चमध्ये पुढे बसायचे आणि आम्ही दाराजवळच्या बाकांवर. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रभुभोजनाला आमची रांग शेवटी. तसंही कुठे लिहिलेलं नव्हतं. माझी आई आयुष्यभर दाराजवळ बसली. पावसाळ्यात तिच्या लुगड्याचा काठ ओला व्हायचा, तरी पुढची रिकामी जागा तिनं कधी घेतली नाही. याच भावाचं लग्न एका ठिकाणी ठरता ठरता मोडलं. मुलीचे वडील आमच्या ओट्यावर चहा पिऊन म्हणाले होते, "पोरगा गुणी आहे. पण आपल्यातला नाही." तेही ख्रिस्ती, आम्हीही ख्रिस्ती. त्या दिवशी भाऊ न जेवता शेतात जाऊन बसला होता. तोच आता मला फोनवर हे विचारत होता आणि मी त्याला समाधानकारक उत्तर देत होते.

ताई भांडली नाही. व्हरांड्यात समोर आली की "जय ख्रिस्त" म्हणायची, मीही म्हणायचे. पेशंटांची ताटं न्यायला दुसरीला पाठवायची. मी उभ्या उभ्या जेवायला लागले. खाली बसलं की समोरची जागा दिसायची. तीन आठवडे असे गेले. जाऊन बोलावं असं रोज सकाळी ठरवायचे आणि भाजी चिरताना वाक्यं जुळवायचे. 'माझ्या तोंडून निघून गेलं' म्हणू? मग ते तोंडात होतंच कशाला? असं करता करता कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि दिवस निघून जायचा.

त्याच आठवड्यांत इथल्या पाळकसाहेबांनी एक नवी बैठक सुरू केली. तरुण माणूस, नागपूरकडचा. रविवारी उपासनेनंतर थांबायचं आणि आपण कुठले, कोण, इथे आपल्याला कसं वाटतं, हे खरं खरं बोलायचं. उपदेश नको, वचनं नकोत. पहिल्या बैठकीत तीन जण उठले आणि तिघांनीही "आपण सर्व ख्रिस्तात एक आहोत" एवढंच सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "हे मी दर रविवारी सांगतो. त्यासाठी तुम्हाला उपाशी थांबवलं नाही." मग चहा झाला आणि सगळे पांगले.

दुसऱ्या बैठकीत दवाखान्याच्या मेट्रन बोलल्या. त्या केरळच्या. मराठी शिकल्या पेशंटांकडून, त्यामुळे त्यांच्या तोंडी दक्षिणेच्या सुरात इकडचं 'मले-तुले' असतं.

"बारा वर्षं झाली मले इथी," त्या म्हणाल्या. "दर नाताळाले लोक विचारते, सिस्टर, गावाले कधी जाता? हे पाहुण्याले विचारते ना?" मग म्हणाल्या, "पण मी पण चांगली नाही. माझी आई फोनवर बोलली, आपण जुने ख्रिश्चन, तिथले लोक तांदूळ मिळते म्हणून ख्रिश्चन झाले. मी काही बोलली नाही. ऐकून घेतलं."



मग ताई उठली. माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी गावाले गेली का भाऊ म्हणते, तू मिशनची झाली. इथी आली का लोक म्हणते, ते जंगलातली. तिकडं पूजेले बसलं तर इथी चालत नाई, नाई बसलं तर तिकडं चालत नाई. मी दोनी घरात उभीच हावो. बसाले कोणी म्हणतच नाई."

एवढं बोलून ती बसली. माझं नाव तिनं घेतलं नाही. तिनं नाव घेतलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. माझे पाय आपोआप उभे राहिले. मी सगळं सांगितलं. फोन, भाऊ, 'जंगलातली', 'पण स्वच्छ'. आमच्या चर्चचे बाक सांगितले. सातवीत शाळा सुटली तेही सांगितलं, त्याचा तिथे काही संबंध नसताना. बोलता बोलता रडले. मला वाटत होतं, माझ्या अंगावरून ओझं उतरतंय.

पाळकसाहेब खाली पाहत होते. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मले कायले सांगून राह्यली? मी त आयकलंच होतं."

मी डोळे पुसले.

"तीन हप्ते मी वाट पाह्यली. वॉर्डात दहा पावलांवर होती मी. तिथी आली नाई. इथी सगळ्याइपुढं सांगून मोकळी झाली."

तिची ड्युटी होती. ती गेली. बाकीच्यांनी मात्र माझे हात धरले. किती धीर लागतो म्हणाले, देवानं बोलवून घेतलं म्हणाले. एकीनं मला मिठी मारली. इतकी माणसं माझ्याभोवती इथे आल्यापासून कधी जमली नव्हती आणि इतकं एकटंही मला कधी वाटलं नव्हतं. कारण ती म्हणाली ते खरं होतं. मी माफी तिच्याकडे मागितलीच नव्हती, सगळ्यांकडून पदरात पाडून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले. स्वयंपाकघरापासून खरंच दहा पावलं. ती एकटी पलंगांवरच्या चादरी बदलत होती. मी दारात उभी राहिले.

"उभी काऊन हाय? तिकडून पकड," ती म्हणाली.

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. एक पलंग झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मी म्हणाले, "ताई, मी चुकले. तुझ्याबद्दल मी जे बोलले, लोक माझ्या आईबद्दल तेच बोलायचे. मला ठाऊक होतं, तरी बोलले."

तिनं चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. "स्वच्छ!" ती म्हणाली. "दिवसभर लोकाइची घाण काढतो मी. मले स्वच्छ म्हणनारी तूच पयली."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पण चौथ्या पलंगाची चादर तिनं माझ्याकडे फेकली.

त्यानंतर ती रोज जेवायला यायला लागली असं नाही. आठवड्यातून एखादा दिवस यायची, थोडं बोलायची. भावाला मी फोन करून सांगितलं की पुन्हा कुणाबद्दल तसं विचारायचं नाही. तो म्हणाला, "मी काय वाईट विचारलं?" मी त्याला मोडलेल्या सोयरिकीची आठवण करून दिली. त्यानं फोन ठेवला. महिनाभर त्याचा फोन आला नाही. तेही सोसलं.

धान कापून झाल्यावर एक दिवस ताई म्हणाली, "माह्या गावाले चालते का? नव्या धानाचं जेवन हाय."

माझ्या मनात लगेच आलं, ते जेवण तिथल्या देवापुढे ठेवलेलं असणार. खाल्लेलं चालेल का? पाळकसाहेबांना विचारावं का? तिनं माझं तोंड वाचलं.

"तुले नाई खायचं त नको खाऊ. मी खातो. माह्या मायनं रांधलं हाय."

बसनं गेलो, मग तासभर पायी. घरापुढच्या अंगणात बायका बसल्या होत्या. तिची आई पार म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिनं माझा हात चाचपला आणि माडियात लेकीला काहीतरी विचारलं. ही कोण, असंच असणार. ताईनं उत्तर दिलं. एका शब्दात नाही, चांगलं लांबलचक. मध्ये माझ्याकडे बोट केलं. बायका हसल्या, एक जण नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललं जात होतं आणि मी हात जोडून हसत होते.

मग म्हातारीनं चटईवर हात आपटला. ती जागा माझी.

मी बसले. पानावर नवा भात आला आणि मी तो खाल्ला. देवाशी मनात दोन शब्द बोलले आणि खाल्ला.

"काय सांगितलंस त्यांना?" मी ताईला हळूच विचारलं.

"सांगन कधी तरी," ती म्हणाली आणि आईच्या पानावर भात वाढायला लागली.

ताई दोन दिवस तिथेच राहणार होती. परतीच्या बसमध्ये मी एकटी. तिच्या तोंडचे ते माडिया शब्द विसरू नयेत म्हणून मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. अर्ध्या रस्त्यात ते एकमेकांत मिसळून गेले, तरी एक-दोन राहिले. आमच्या वॉर्डात माडिया पेशंट नेहमी असतात. त्यांना विचारलं तर ते एका मिनिटात अर्थ सांगतील. मी अजून कोणाला विचारलेलं नाही. तिच्याकडूनच ऐकायचं आहे. तिनं अजून सांगितलेलं नाही.