पाहून ऐकणारी आत्या

आमच्या घरातली दुपार आत्याची असायची. पहिली पाळी संपवून ती तीन वाजता घरी यायची, तेव्हा तिच्या केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. हातपाय धुऊन ती खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची. पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात तिच्या कपड्यांवरून उडालेली रुई बराच वेळ तरंगत राहायची. मी सात-आठ वर्षांची होते. तिच्या पाठीमागे बसून मी शाळेतलं सगळं सांगायचे, "आत्या, ए आत्या" अशा हाका मारायचे, पण पाठ ढिम्म हलायची नाही. कूस बदलताना मी दिसले की मात्र ती हसायची, म्हणायची, "अगं, कधी आलीस?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी तिचं नाव रुसूबाई ठेवलं. हाका मारायचं मात्र सोडलं नाही, कारण मीही कमी हट्टी नव्हते.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "हिचं लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक." दूध उतू जायचं, दार वाजत राहायचं, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या आणि आत्या शेजारीच शांतपणे भाजी चिरत बसलेली असायची. आई वैतागायची. आत्या "चुकलंच माझं" म्हणून मोकळी व्हायची. ती वेंधळी आहे यावर आमच्या तीन खोल्यांत एकमत होतं.

तिच्या कानांची शंका कुणाला आली नाही, कारण समोर बसलं की तिच्याइतकं चलाख कुणी नसायचं. समोरच्या शिंप्याच्या दुकानात कोण काय बोललं, हे ती आमच्या बंद खिडकीतून सांगायची. "आज त्याच्या बायकोनं त्याला चांगलंच झापलं," म्हणायची. "तुला कसं कळलं?" विचारलं की, "दिसलं." आम्ही पोट धरून हसायचो. आत्याला बातम्या दिसतात, हा आमच्या घरातला हुकमी विनोद होता आणि त्याच्या पलीकडे कुणी डोकं चालवलं नाही.

एकदा ती डबा विसरली म्हणून मी तो घेऊन गिरणीच्या मागखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, गेले. दरवाजा उघडला आणि आवाज छातीवरच आदळला. शंभरावर यंत्रमाग, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतोय, पायाखालची फरशी थरथरतेय आणि हवेत पांढरी रुई इतकी की बायका धुक्यात उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. त्या बोलत होत्या. ओठ मोठे करून, भुवया उंचावून, आवाज न काढता. आत्या आणि तिची मैत्रीण, उंचीमुळे जिला सगळे शिडी म्हणत ती, पाच-सहा मागांच्या अंतरावरून एकमेकींना काहीतरी सांगत होत्या आणि हसून हसून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हातानं ती तुटलेला धागा जोडत होती, तिकडे बघतसुद्धा नव्हती. मी डबा धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. ते दृश्य अजूनही माझ्या झोपेत येतं. झोपेत त्याला आवाज नसतो, नुसती पांढरी हवा असते आणि हलणारे ओठ.

एकतीस वर्षं मागावर काढून आत्या निवृत्त झाली. त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. पाठीमागून एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत उलटा येत होता. सगळे बाजूला झाले, आत्या रस्त्याच्या मधोमध टोमॅटो निवडल्याच्या आनंदात चालत राहिली. मी तिला दंडाला धरून ओढलं. भीतीनं माझा आवाज फाटला होता.

"बहिरी आहेस का तू?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत," ती म्हणाली, आणि पडलेले टोमॅटो वेचायला लागली.

घरी आल्यावर ती ओट्याशी उभी होती. मी मागे उभी राहून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग स्टीलचं ताट जमिनीवर टाकलं. शेजारच्या काकू धावत आल्या, आत्या टोमॅटो धूत राहिली. मी वळसा घालून तिच्यासमोर गेले.

"आत्या, तुला ऐकू येत नाही?"

"येतं की," ती म्हणाली. "तू समोर असलीस की येतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको. सकाळी मी तिला जवळजवळ ओढतच एका वकीलबाईंकडे नेलं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. कामावर इजा झालेल्यांचीच प्रकरणं त्या बघायच्या, त्यामुळे बाकावर कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाच्या काखेत कुबडी. त्यांच्यामध्ये धडधाकट आत्या अवघडून बसली.

"मला कुठे काय झालंय?" ती वकीलबाईंना म्हणाली. "ना अपघात, ना काही. हातपाय धड आहेत."

"रक्त आलं तरच इजा, असं कायदा म्हणत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "कामामुळे जडलेला आजार हीसुद्धा इजाच. मागाच्या आवाजानं कान हळूहळू जातात. आधी बारीक आवाज जातात, शिट्टी, पाखरं, मग बाकीचे. त्यामुळे माणसाला स्वतःलाच कळत नाही."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, कामगार अधिकाऱ्यापुढे भरपाईचा दावा. तिथे चूक कोणाची हे दाखवावं लागत नाही, कान कामामुळे गेले एवढं दाखवलं की पुरतं. दुसरी, दिवाणी कोर्टात मालकाच्या निष्काळजीपणाचा खटला. त्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि वर्षं जातात. "एकाच इजेसाठी दोन्हीकडे जाता येत नाही. आणि मुदत काम सोडल्यापासून मोजतात, तेव्हा आजचं उद्यावर ढकलू नका."

आत्या त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. "पहिल्या वाटेनं गेलं तर काय लिहून मिळेल?"

"तुमचे कान कामामुळे गेले, असं."

"माझं लक्ष नसतं म्हणून नाही, असं?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप खाली गेली. "हो, तसं," त्या म्हणाल्या. आत्यानं कागद पुढे ओढला आणि सही केली.

दाव्यासाठी कानांची तपासणी करून आणायची होती. काचेच्या छोट्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेर थांबले. वीस मिनिटांनी आत्या बाहेर आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं.

"पास झाले!" ती म्हणाली.

अहवाल वाचून वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. वयाच्या मानानं ऐकणं उत्तम, असं त्यात होतं. आत्या आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं, की या वेळी नापास व्हायचं होतं.

"सवयच आहे हो," ती ओशाळून म्हणाली. मागखात्यात दरवर्षी तपासणी व्हायची. नापास झालेल्या बाईला मागावरून काढून झाडलोटीला लावत. म्हणून बायकांनी एकमेकींना शिकवून ठेवलं होतं: काचेपलीकडच्या माणसाचं बोट बघायचं. बोट दिसत नसेल तर त्याची भुवई. आवाज सोडताना त्याची भुवई हलते. आत्या अशी वर्षानुवर्षं पास होत आली होती. परवाही काचेपलीकडे भुवई हलली आणि तिचं बोट आपोआप बटणावर गेलं. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले.

सुनावणी उन्हाळ्यातल्या एका सकाळी झाली. लांबट खोली, एका टोकाला अधिकाऱ्यांचं टेबल, दुसऱ्या टोकाला काचेचं दार, वर सावकाश फिरणारा पंखा. कंपनीच्या वकिलांनी आत्याच्या सगळ्या तपासण्या मांडल्या. मग आत्याला अर्धा तास प्रश्न विचारले. ती एकही न चुकता उत्तरं देत गेली. उत्तर द्यायचं ती टाळूच शकत नव्हती, समोरच्याचं बोलणं वाया घालवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"बघा साहेब," वकील म्हणाले. "आपल्यासमोरच आहे."

वकीलबाई उठल्या. बाई ओठ वाचते, पाठीमागून प्रश्न विचारून बघा, त्या म्हणाल्या.

"पाठीमागून गप्प बसायला काय लागतं?" वकील म्हणाले. "ऐकू येत नाही असं सोंग कुणीही आणेल."

हे खरंच होतं. साक्षीला आलेल्या शिडीमावशीकडे बघून मला ते पांढरं मागखातं आठवलं. मी वकीलबाईंच्या बाहीला धरून कुजबुजले. त्या साहेबांना म्हणाल्या, "न ऐकण्याचं सोंग येतं. न उच्चारलेलं ऐकण्याचं सोंग कसं आणणार?"

साहेबांना कल्पना आवडली असावी. त्यांनी शिडीमावशीला काचेच्या दाराबाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं. आपल्या हातानं चिठ्ठ्या लिहून शिपायाकरवी तिच्याकडे पाठवल्या. मावशीनं चिठ्ठी वाचून ओठ हलवले. खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"आज सकाळी काय खाल्लं?" आत्या मोठ्यानं म्हणाली. "पोळी आणि चहा. तेवढंच जात होतं, भीती वाटत होती ना."

साहेबांनी हातातल्या नोंदीकडे पाहिलं आणि दुसरी चिठ्ठी पाठवली.

"या खोलीत खिडक्या किती? तीन. एकीची काच फुटलीय, बसवून घ्या."

कंपनीचे वकील बसले ते पुन्हा उठले नाहीत. मग साहेबांनी तिसरी चिठ्ठी लिहिली. ती वाचून काचेपलीकडे शिडीमावशी थोडी थांबली आणि मग फार हळू बोलली.

आत्यानं प्रश्न नेहमीप्रमाणे म्हणून दाखवला. "सगळ्यात आधी कुठला आवाज गेला?"

ती विचारात पडली. इतका वेळ तिचा आवाज चढा होता, पण आता तो खाली आला.

"माझी भाची लहान होती तेव्हा दुपारी माझ्या पाठीशी येऊन बसायची. आत्या, आत्या म्हणून हाका मारायची. फार बारीक आवाज. मी मुद्दाम झोपल्याचं सोंग घ्यायचे, अजून दोनदा ऐकायला मिळावं म्हणून. मग एका वर्षी त्या हाका यायच्या बंद झाल्या." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मला वाटलं, पोरगी माझ्यावर रुसली. मोठी झाली की सांगेल म्हणून मी विचारलं नाही."

साहेबांनी नवी तपासणी लावली. या वेळी डोक्याला तारा जोडून करायची, जिच्यात बटणही नव्हतं आणि भुवईही. दोन महिन्यांनी निकाल आला. श्रवणशक्ती कामाच्या ठिकाणच्या आवाजामुळे गेली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसले.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी, आत्याचं बोलणं संपलं तेव्हा, मी उठून तिच्या खुर्चीमागे गेले. का ते मला सांगता येणार नाही. लहानपणी बसायचे तितक्याच अंतरावर उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, मी रुसले नव्हते गं."

पाठ हलली नाही. मग मी वळसा घालून तिच्यासमोर गेले आणि तेच पुन्हा म्हणाले.