उरलेल्या बाटल्या

पनवेलबाहेर माळावर एक फार्महाऊस आहे. शनिवारी तिथे मुंबई-पुण्याची पोरं येतात, डीजे लावतात आणि उजाडेपर्यंत नाचतात. रविवारी सकाळी बुधी झाडायला येते. ती मागच्या कातकरवाडीतली. शनिवारी रात्रभर तिच्या घराचा कूड थरथरतो, पण त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. करणार कुणाकडे?

ही नाचणारी मंडळी दारूपेक्षा पाणी जास्त पितात. तेही धड नाही. दोन घोट घेतले की दुसरी बाटली फोडायची. बुधी त्या अर्ध्या बाटल्या कळशीत ओतून घरी न्यायची. वाडीच्या बोअरला लालसर पाणी येतं, त्याने तिच्या दोन्ही पोरींची पोटं बिघडतात. मजुरीपेक्षा तिचा जीव त्या कळशीवर होता.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी थोरली दिपा तिच्यासोबत आली होती. तहान लागली म्हणाली. बुधीने एक बाटली तशीच तिच्या हातात दिली.

"आये, कडू लागतंय."

"शहरातलं पाणी हाय. नखरे नको, पी गुमान."

पोरगी प्याली. आत कुणीतरी नशेची गोळी विरघळवून ठेवली होती. थोड्या वेळाने दिपा उगाच हसायला लागली, मग तिची दातखीळ बसली, अंग भट्टीसारखं तापलं. बुधी तिला उचलून मॅनेजर अविनाशकडे धावली. तो व्हरांड्यात चहा पीत होता.

"शेठ, गाडी काढा! पोर जातेय माजी!"

अविनाशने दिपाकडे पाहिलं, मग तिच्या मुठीतल्या बाटलीकडे. त्याला सगळं कळलं. दवाखाना म्हणजे पोलीस, हेही कळलं. त्याने बाटली काढून घेतली.

"ऊन लागलंय. घरी ने, तळपायांना कांदा चोळ."

बुधीने विश्वास ठेवला. वाडीत बसून ती कांदा चोळत राहिली, आणि दुपारी दिपा गेली. त्या माणसाची गाडी दिवसभर फाटकात उभी होती. दहाव्याला त्याने सीलबंद पाण्याचा एक बॉक्स पाठवला. याला तो माणुसकी म्हणत असेल. मला तर शिवीसुद्धा पुरत नाही.

बॉक्सवरचं सील बघून बुधीला त्याने काढून घेतलेली ती कडू बाटली आठवली, आणि सगळं उमगलं. ती अजून झाडायला जाते. बोअरचं पाणी अजून लालच आहे. आता ती प्रत्येक बाटलीतला घोट आधी स्वतः पिते, पायरीवर बसून वाट बघते, मगच घरी नेते. घरी धाकटीला पेला देताना दर वेळी बजावते,

"कडू लागलं तर थुकून टाक. आयचं आयकू नको."