दहाव्याचा कावळा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझीच चूक समोर येते.

करमाडजवळ जालना रोडवर एका स्कूटीस्वाराला अज्ञात वाहनाने उडवले. कंपनीतून सुटून घरी निघालेला चाळिशीचा माणूस, जागीच गेला. साक्षीदार नाही, कॅमेरा नाही. पंचनामा करून स्कूटी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात लावली. तपास जागचा हलेना.

नवव्या दिवशी खबऱ्या आला. "साहेब, टेम्पो स्टँडवरचा एक ड्रायव्हर आठ दिवस गाडीला हात लावंना. त्या माणसाचा दहावा कुठं हाय, इचारत व्हता."

दहाव्याला मी साध्या वेशात गेलो. पिंड मांडला, पण कावळा झाडावरून हलेना. मयताची इच्छा राहिली की तो शिवत नाही, असे लोक मानतात. भाऊ म्हणाला, पोरीला शिकवतो. बायको म्हणाली, अण्णांना अंतर देणार नाही. मयताच्या वडिलांना, अण्णांना, धड दिसतही नव्हते. "आला का रं?" ते सारखे विचारत. मग आभाळाकडे बघून हात जोडत म्हणाले, "बोल की रं राजा, काय राहिलं तुझं?"

माझ्यासारख्या दगडानेही हात जोडले. मनात म्हणालो, बाबा, तुला मारणाऱ्याला धरतो. छे! कावळा ढिम्म.

मागे एकजण चपला हातात घेऊन उभा होता. घरच्यांना तो कंपनीतला वाटला, कंपनीवाल्यांना घरचा. तो काहीतरी पुटपुटला आणि कावळा झपकन उतरून पिंडाला शिवला.

त्याला बाजूला घेतले, तर तो टेम्पो स्टँडवरचा ड्रायव्हरच निघाला. ठाण्यात आणून त्याला चहा दिला. आवाज चढवायची वेळच आली नाही.

"मीच उडवलं, साहेब. त्याचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं. म्हणला, अण्णांचा नवा चष्मा डिक्कीत हाय, तेवढा द्या. तेवढ्यात जीव गेला. माणसं येताना दिसली, मी पळालो. आज म्हणलं, पोचवतो चष्मा, जा तू."

पंचांसमोर डिक्की उघडली. चष्मा होता. आमच्या पंचनाम्यात नुसते लिहिले होते, 'डिक्की कुलूपबंद.'

अण्णांना ठाण्यात बोलावून सगळे सांगितले आणि रीतसर पावती करून चष्मा त्यांना दिला. तो लावून ते ड्रायव्हरकडे बघत राहिले.

"डोकं तुझ्या मांडीवर व्हतं ना त्याचं?"

"व्हय."

"मंग एकटा नाय गेला माझा लेक," म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

ड्रायव्हरला शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. कावळा मी केस डायरीत लिहिला नाही. लिहिणार तरी कसा? पण पुढे प्रत्येक अपघातात डिक्की आधी उघडायला लावली. म्हातारा आभाळाकडे बघून जे विचारत होता, ते दहा दिवस माझ्याच आवारात पडून होते.