वहिनींची डी ड्राइव्ह

आमच्या वहिनींच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप म्हणजे बैलबाजार. लग्नपत्रिका, बारशाचे फोटो, लोकांची आधारकार्डं, सगळं पडद्यावर दाटीवाटीनं उभं. तेलंगणातल्या बेला गावी आमच्या पत्रिका छपाईच्या दुकानात त्या डिझाइन करायच्या. मराठी, तेलुगू दोन्ही झरझर टाइप करायच्या. पण फाइल जागेवर ठेवा म्हटलं की कानावर हात.

"वहिनी, डिस्कचे दोन भाग करू द्या," मी किती वेळा डोकं फोडलं असेल. "सी मधी विंडोज, डी मधी आपलं काम. विंडोज बिघडलं तर सी पुसून नवीन टाकता येते, डीले हात लागत नाई."

"चांगल्या घराची वाटणी काऊन करून राह्यले भाऊजी? एकातच सापडते मले सगळं."

आणि सापडायचंही! त्यानं तर माझं डोकं जास्तच फिरायचं.

माझा थोरला भाऊ, दादा, छापण्याआधी प्रत्येक पत्रिका मोठ्यानं वाचायचा. वहिनी ते रेकॉर्ड करून ठेवायच्या. नावावरून गिऱ्हाइकानं वाद घातला की ऐकवायच्या. दादा गेला, आवाज डेस्कटॉपवर राहिले. निदान ते तरी वेगळे ठेवू द्या, म्हणून मी मागे लागायचो. "उद्या बगू," एवढंच.

ऐन लग्नसराईत विंडोज सुरूच होईना. मी कागद आणायला आदिलाबादला गेलेलो. वहिनींनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. "सी फॉरमॅट करना पड़ेगा. करूँ?" त्यानं विचारलं. "करो, जल्दी करो," वहिनी म्हणाल्या.

वाटणी झालेलीच नव्हती, डेस्कटॉपवरचं सगळं सीमध्येच होतं. परतलो तेव्हा पडदा कोरा होता. मी नको नको ते बोललो. वहिनींनी एकच विचारलं, "ह्यांचा आवाज बी गेला?"

खटपट करून काही पत्रिका परत मिळाल्या. दादाचा आवाज मिळाला नाही.

"करा तुमची वाटणी," वहिनी म्हणाल्या. मी दोन भाग केले. डीला नाव काय देऊ, विचारलं तर त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, आणि जे नाव उखाण्याशिवाय कधी तोंडात आलं नव्हतं, ते टाइप केलं. गजानन.

"आता काम ह्याच्यातच ठेवायचं, वहिनी."

"नाई भाऊजी. तिथं काई नका ठेवू."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्येच! मी चिडलो, ओरडलो. उपयोग शून्य.

आता वहिनी लेकीकडे किनवटला असतात. दुकान मी बघतो. सी भरून लाल झाली आहे, मशीन रांगतं, गिऱ्हाईक ताटकळतं, मी संतापतो. मग एखादी पत्रिका ओढत गजाननपर्यंत नेतो. समोर रिकामी पांढरी खिडकी उघडते. थोडा वेळ बघत बसतो, आणि ती पत्रिका परत आणून डेस्कटॉपवर सोडतो.